दोन तुकडे कुठे गेले?

बाबांच्या या स्मरणसभेत माझ्या आधी जे दोघे बोलले त्यांनी त्यांच्या छंदांची यादी वाचून दाखवली. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, दुर्बिणीचे आरसे, जुनी कुलपं. यादी बरोबर आहे, फक्त त्यातली कुलपं खोडा. कुलपं त्यांनी दीड वर्षातच सोडली, कारण एक कुलूप त्यांच्याकडून काही केल्या उघडेना आणि दादाने ते आईच्या केसाच्या पिनेने उघडलं.

आणि आमच्या घरात ‘छंद’ हा शब्द कुणी वापरत नसे. ‘छंद जोपासणे’ तर मुळीच नाही. आई म्हणायची, “यांना आता नवा नाद लागलाय.” मराठीने या एका शब्दात आवाज आणि वेड दोन्ही बसवलंय, आणि आमच्याकडे दोन्ही होतं. भिंतीवर चार घड्याळं होती, एकाचं दुसऱ्याशी पटत नसे. दुपारचे बारा आमच्याकडे चांगले सहा-सात मिनिटं वाजत राहायचे.

मला विषय दिलाय ‘कुटुंबवत्सल शिक्षक आणि कारागीर’. कागदावर हे शब्द शेजारी शेजारी छान दिसतात. एका घरात ते तितक्या गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. गुण्या आमच्याकडे होता, पण तो सुताराचा, काटकोन तपासायचा. या न नांदण्याबद्दलही मी बोलणार आहे. आधी वर्गात जाऊ.

बाबा गणित शिकवायचे. समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत, तेव्हा चुकलं तर सांगा. बीजगणितात दरवर्षी, दर वर्गात होणारी एक चूक आहे. अ अधिक ब, कंस पूर्ण, त्याचा वर्ग. आणि मुलगा खुशाल लिहितो, अ वर्ग अधिक ब वर्ग. सूत्र पाठ असलेलं मूलही घाईत हेच लिहितं. बाबा ते खोडायचे नाहीत. खिशातून एक चौरस कागद काढायचे, बाजूवर एक खूण करून तिचे दोन भाग करायचे, मोठा अ, लहान ब. तीच खूण दुसऱ्या बाजूवर. मग कात्री मुलाच्या हातात. खुणांवरून कापलं की चार तुकडे होतात: एक मोठा चौरस, एक लहान चौरस आणि दोन सारखे आयत. बाबा दोन्ही चौरस टेबलावर ठेवायचे, दोन्ही आयत स्वतःच्या खिशात टाकायचे आणि विचारायचे, “तू लिहिलंस तेवढं हे इथे आहे. कागद तर एवढा होता. दोन तुकडे कुठे गेले?”

एकदा एका मुलाने उत्तर दिलं, “तुमच्या खिशात, सर.” वर्ग खदखदून हसला. बाबाही हसले. म्हणाले, “बरोबर. आणि तुझ्या वहीतून?”

तो मुलगा आज इथे तिसऱ्या रांगेत बसलाय, केस पिकलेत त्याचे. दोन अ ब तो विसरेल असं मला वाटत नाही.

हे वाक्य आमच्या घरात मग कशालाही चालायचं. हिशेब जुळला नाही, मी शाळेतून उशिरा आले, दादाची गोष्ट मधेच कुठेतरी पोकळ वाटली, की बाबा मान वर न करता म्हणायचे, “दोन तुकडे कुठे गेले?” आम्हाला राग यायचा. खोटं बोललास असं कुणी म्हटलं तर भांडता तरी येतं. याला काय म्हणणार?

वह्या तपासायची त्यांची पद्धतही तशीच. लाल शाई नाही, फुली नाही. ज्या ओळीत विचार वळण चुकला तिच्या शेजारी पेन्सिलीचा एक ठिपका. उत्तर चुकलेलं असतं अकराव्या ओळीत, ठिपका असतो चौथ्या ओळीपाशी. बरोबर काय ते लिहायचं नाही. ते मुलाने शोधायचं. याला वेळ किती लागतो ते शिक्षकांना विचारा. शेवटचं उत्तर पाहून फुली मारायला पाच सेकंद लागतात. चौथी ओळ शोधायला ते अख्खं गणित त्या मुलाच्या डोक्याने करून बघावं लागतं. काही पालकांनी तक्रार केली होती की सर वह्या तपासतच नाहीत, पानभर एकही लाल खूण नसते. बाबांना वर बोलावून समज देण्यात आली. त्यांनी काय केलं असेल? दुसऱ्या दिवसापासून ठिपका लाल पेन्सिलीने.

आता मागच्या खोलीत चला.

तिथे खिडकीखाली कामाचं जाड टेबल, त्याला शिकंजा, भिंतीवर करवती, रंधे, पटाश्या, आणि टेबलाखाली तीन खण. वरच्यात मोजमापाची हत्यारं, मधल्यात स्क्रू-खिळे. तळच्या खणावर काहीच लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं तो कशाचा आहे ते. त्यात फसलेली कामं होती. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली. “लाकूड ओलं होतं.” “पटाशी बोथट. माहीत होतं, तरी.” “दोनदा मोजलं, दोनदाही चुकीचं.” एका सुंदर डव्हटेल (दात एकमेकांत अडकणाऱ्या) सांध्याला, आरशातल्यासारखा उलटा कापल्यामुळे वाया गेलेल्या, नुसतं “अरेरे.”

त्यातला एक तुकडा मला फार आवडायचा. कपाटाच्या दाराची फळी, मधोमध वरपासून खालपर्यंत तडकलेली. चिठ्ठी: “चिकटवलं.” यात कळण्यासारखं काय आहे, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला अर्धा तास धरून ठेवलं. लाकूड झाड तोडलं म्हणून मरत नाही, असं ते म्हणायचे. हवेतला दमटपणा ते घेतं आणि सोडतं, त्याबरोबर फुगतं आणि आकसतं. पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. तंतूंच्या लांबीत जवळजवळ हलतच नाही. रुंदीत हलतं, आणि त्यातही खोडाच्या वलयांना धरून जेवढं हलतं ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. म्हणून तर फळीची पन्हळ होते. म्हणून जुने सुतार दाराची चौकट वेगळी करतात आणि मधली फळी खाचेत नुसती सरकवून ठेवतात, सरस लावत नाहीत, बाजूंनी थोडी जागा सोडतात. फळीला हलायला जागा हवी. बाबांनी पहिल्या दाराला चारही बाजूंनी सरस लावला. पुढच्या कोरड्या हवेत फळीला आकसायचं होतं, चौकट सोडेना. रात्री बंदूक उडाल्यासारखा आवाज आला होता म्हणे.

हात बसणं म्हणजे काय, तेही मी तिथेच पाहिलं. मला रंधा मारायला दिला की ते पाठ करून बसायचे, दुसरंच काहीतरी करत. मी तंतूंच्या उलट दिशेने रंधा ढकलला की पाठमोरेच म्हणायचे, “फिरव.” फळी फिरवायची, दुसऱ्या टोकाकडून मारायचं. सुलट जाणारा रंधा सळसळतो, उलटा गेला की अडखळतो, ओरबाडतो. ते ऐकत होते. मला कान यायला दोन वर्षं लागली.

घड्याळंही ते कानानेच दुरुस्त करायचे, निदान सुरुवात तरी. डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, “लंगडतंय.” लंबकाच्या घड्याळाचे टिक आणि टॅक सारख्या अंतराने पडले पाहिजेत. भिंतीवर घड्याळ जरा कललेलं असलं की एक पाऊल लांब, एक जवळ, अशी चाल होते आणि घटकाभराने ते थांबतं. लोक म्हणतात बिघडलं. कित्येकदा बाबा लोकांकडे जाऊन नुसतं घड्याळ बोटभर सरकवून आले आहेत.

लंबकाचा हिशेब त्यांचा लाडका, कारण त्यात वर्ग आणि लाकूड आणि लोखंड सगळं येतं. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला बरोबर एक सेकंद घेणारा लंबक साधारण ९९.४ सेंटिमीटर लांब असतो. वजन कितीही ठेवा, फरक पडत नाही, लांबी मोजायची. त्या लांबीत एक मिलिमीटर वाढला की घड्याळ दिवसाला सुमारे ४३ सेकंद मागे पडतं. पोलादी दांडी उन्हाळ्याने दहा अंश तापली तर तेवढ्यानेही दिवसाला पाचेक सेकंद जातात. मी एकदा विचारलं, मग बरोबर घड्याळ असतं तरी का? ते म्हणाले, “घड्याळ चुकतं यात काही नाही. रोज सारखंच चुकलं पाहिजे.”

हे त्यांनी जॉन हॅरिसनकडून घेतलं होतं, आणि हॅरिसनबद्दल ते घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. हॅरिसन हा सुतार. त्याच्या सुरुवातीच्या घड्याळांची चाकंही लाकडाची. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये समुद्रावर रेखांश शोधण्यासाठी मोठं बक्षीस लावलं, मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ आकाशाकडे बघत बसले आणि हा सुतार आयुष्यभर घड्याळ करत बसला, कारण घरची अचूक वेळ जहाजावर सोबत असली की रेखांश काढता येतो. त्याचं चौथं घड्याळ, खिशातल्या मोठ्या घड्याळासारखं दिसणारं, १७६१ मध्ये जमैकाला निघालेल्या जहाजावर चढलं. ८१ दिवसांनी, रोजची चूक हिशेबात धरल्यावर, फरक निघाला सुमारे पाच सेकंदांचा. घड्याळ मागे पडतच होतं. पण किती पडतं ते माहीत असलं की झालं.

त्या जहाजावर हॅरिसन स्वतः नव्हता. साठी उलटली होती. गेला त्याचा मुलगा, विल्यम. बाबा ही गोष्ट सांगताना दादाकडे बघायचे आणि दादा खिडकीबाहेर बघायचा.

आता मघाशी म्हटलं ते. बाबांना चूक वाचता यायची. वहीतली, फळीतली, घड्याळातली. ते शिक्षक म्हणून वेगळे आणि कारागीर म्हणून वेगळे नव्हते. चौथ्या ओळीपाशी ठिपका देणारा माणूस आणि पाठमोरा “फिरव” म्हणणारा माणूस एकच. एक चूक मात्र त्यांना फार उशिरा वाचता आली.

त्यांचा दुसरा देव होता विल्यम हर्शेल. मुळात संगीतशिक्षक आणि ऑर्गनवादक. इंग्लंडमधल्या बाथ गावात शिकवण्या करायचा, रात्री घरच्या बागेत स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून आकाश पाहायचा, आणि १३ मार्च १७८१ ला त्याला युरेनस सापडला. पोट शिकवण्यांवर आणि नाद आकाशाचा, त्या माणसाने सूर्यमालेला नवा ग्रह दिला! बाबा हे इतक्या अभिमानाने सांगायचे की जणू काही शिक्षक संघटनेचाच ठराव होता.

ते सांगायचे नाहीत तो भाग मी नंतर वाचला. हर्शेलची बहीण कॅरोलिन १७७२ मध्ये त्याच्याकडे आली ती गाणं शिकायला. चांगली गात होती. घराची हळूहळू कार्यशाळा झाली. बैठकीच्या खोलीत सुतार, झोपायच्या खोलीत कातकामाचं यंत्र. एकदा आरसा ओतताना साचा गळला आणि तापलेल्या धातूने तळघराच्या फरशा तडतडा उडवल्या, सगळे जीव घेऊन पळाले. आरसा घासताना हात काढून चालत नसे म्हणून तो एकदा सोळा तास बसला, आणि कॅरोलिनने त्याला घास भरवले. शेजारी बसून पुस्तकं वाचून दाखवली. तिच्या गाण्याचं काय झालं? गाणं सुटलं. पुढे तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले, १७८७ पासून तिला राजाकडून पगार सुरू झाला, ते सगळं खरं. पण गाणं सुटलं.

दोन तुकडे कुठे गेले, हा प्रश्न मी बाबांना हर्शेलबद्दल विचारला होता. ते बराच वेळ गप्प बसले.

आमच्याकडचा आरसा सहा इंची. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या, एका पिंपावर ठेवायच्या, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि वरची चकती खालचीवर पुढे-मागे सरकवत राहायची. दर थोड्या वेळाने ती फिरवायची आणि आपणही एक पाऊल सरकायचं, म्हणजे दिवसभरात पिंपाभोवती बऱ्याच फेऱ्या होतात. खड्डा कुणी कोरत नाही. वरची आपोआप खोलगट होते, खालची आपोआप फुगीर, कारण कुठेही सरकवल्या तरी एकमेकींना चिकटून राहतील असे ते दोनच आकार: गोलाचा आतला भाग आणि बाहेरचा. एवढं घासून मधे खोली किती येते? जेमतेम १.२ मिलिमीटर. मग पूड बारीक, आणखी बारीक, मग राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश. आणि त्या गोल खळग्याला शेवटी अन्वस्त (पॅराबोलासारखं, कडेकडे गोलापेक्षा किंचित सपाट) करायचं, म्हणजे दूरवरून आलेला प्रकाश एका बिंदूत मिळतो. गोल आणि अन्वस्त यांच्यातला फरक आमच्या आरशाच्या कडेला मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाच्या आसपास.

तो मोजायची युक्ती फुको या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकात काढली, लंबकाने पृथ्वीचं फिरणं दाखवणारा तोच फुको. खोली काळोखी करायची. आरशापासून आठ फुटांवर एक बारीक फटीचा दिवा आणि शेजारी ब्लेडचं पातं. आरशावरून परतलेला प्रकाश पात्याने जरासा कापायचा आणि पात्यामागून आरशाकडे बघायचं. काचेला अजून मुलामा नसतो, ती शंभरातला चारेक भागच प्रकाश परत देते, पण तेवढा पुरतो. आणि मग दिसतं काय, की ती गुळगुळीत काच टेकड्या आणि दऱ्यांनी भरलेली आहे. सावल्या पडलेल्या, चंद्रासारख्या.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. बाबांनी मला आरशापाशी नेऊन अंगठा काचेवर ठेवायला सांगितलं. अर्धा मिनिट. मग पळत पात्यापाशी. आरशाच्या मधोमध एक टेकडी उभी होती, माझ्या अंगठ्याएवढी, एका बाजूने उजळ आणि दुसरीकडे सावली. माझ्या उबेने काच फुगली होती. मी घाबरले, वाटलं आरसा फुकट गेला. बाबा म्हणाले, “बघत राहा.” टेकडी हळूहळू बसत गेली. काही मिनिटांनी काच होती तशी.

या तपासण्यांच्या वह्या आमच्याकडे आहेत, सात वह्या. बाबा गेल्यावर मी त्या पहिल्यांदा नीट उघडल्या. आरशाचं वलय पहिलं, वलय दुसरं, पात्याची जागा, मिलिमीटरचे दशांश. शेकडो आकडे. आणि अक्षर सगळं आईचं. मला हे माहीतच नव्हतं. आम्ही झोपल्यावर ती काळोखात बसून, टॉर्चला लाल कागद बांधून, ते सांगतील ते आकडे लिहून घेत होती. सात वह्या भरेपर्यंत. ती पूर्वी चित्रं काढायची, हे मला मावशीने सांगितलं. आई समोरच बसली आहे आणि मी हे बोललेलं तिला आवडलेलं नाही, ते मला इथून दिसतंय.

बाबांना हे कळलं होतं का? तळच्या खणात मला दोन चिठ्ठ्या सापडल्या ज्या मी पूर्वी पाहिल्या नव्हत्या. एक चिठ्ठी अर्ध्यात सोडलेल्या रंगांच्या पेटीला बांधलेली होती. पेटी बाबा करत होते, फर्निचरसारखी देखणी, कप्प्यांसकट, पण झाकण नाही. चिठ्ठी: “उशीर.”

दुसरी दादाने नऊ वर्षांचा असताना केलेल्या एका डबीला. डबीचा एक कोपरा फुटलेला. तो फुटला तेव्हा मी तिथे होते. दादाने बाबांची चांगली पटाशी खिळ्यावर मारून तिची धार उडवली होती आणि बाबा, तुम्हाला वर्गात कधी आवाज न चढवता आठवणारे तुमचे सर, एवढे ओरडले की डबी दादाच्या हातून पडली. दादाने त्यानंतर मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. चिठ्ठीवर लिहिलं होतं, “लाकडाची चूक नाही. मी ओरडलो.” खणात ती डबी कित्येक वर्षं होती. ठिपका दिलेला होता, पण वही परत द्यायची राहून गेली. मी हे दादाला दाखवलं तेव्हा तो काही बोलला नाही. डबी घेऊन गेला.

सहा इंची आरसा अपुरा आहे. शेवटच्या वहीत शेवटच्या पानावर आईच्या अक्षरात लिहिलंय, “कड उतरलेली.” म्हणजे बाहेरची कड जास्त घासली गेली आहे, आणि ती सुधारायची तर सगळा आरसा थोडा थोडा खाली आणावा लागतो. गेल्या महिन्यात दादा स्वतःहून आला आणि त्याने मागच्या खोलीची खिडकी काळ्या कागदाने बंद केली. मी पात्यामागे बसले. आईने नवी वही काढली होती. पहिली तीन वलयं नीट झाली. चौथ्याचा आकडा मी सांगितला आणि बराच वेळ कागदावर पेनचा आवाज येईना. मी पुन्हा सांगितला.

“तो नाही लिहिणार,” आई अंधारातून म्हणाली. “परत बघ.”